न सोडलेला उपास

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी मुगाची पातळ खिचडी लावली, चार माणसांची. आमच्या मॉर्मन ख्रिस्ती मंडळीतल्या एका भगिनीचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्या घरी जेवण पोचवायचं होतं. माझी पाळी दोनच दिवसांची होती. बाकीचे दिवस मी मागून घेतले होते.

कारण घरात होतं. यांच्या गळ्याला गाठ आली होती. तुकडा तपासायला गेला होता आणि रिपोर्ट त्याच संध्याकाळी मिळणार होता. हे नेहमीसारखे चिकलठाण्याला कंपनीत गेले होते. ते माझ्या सभेला येत नाहीत, पण मला कधी अडवलंही नाही.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास असतो. शनिवारी जेवून तो धरायचा, रविवारी संध्याकाळी प्रार्थना करून सोडायचा. मी त्या रविवारी सोडलाच नाही. घोट-घोट पाण्यावर राहिले. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. लहानपणी आईचे नवस पाहिले होते. धर्म बदलला, नवस बोलायची खोड सामानाबरोबर इकडे आली. मी जितकी उपाशी राहीन, जितकी कामं अंगावर घेईन, तितकं देवाला नाही म्हणणं जड जाईल, असा माझा समज. आपल्याकडून होईल तेवढं करावं, पण तारते ती ख्रिस्ताची कृपा, हे सभेत बायकांना मीच शिकवते. शिकवायला काही लागत नाही.

खिचडीचा डबा घेऊन निघाले, तर मुकुंदवाडी स्टेशनाजवळ चक्कर आली. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर होतं. लुगड्याला मेंढरांचा वास. ती जालन्याच्या गाडीची वाट बघत बसली होती.

"शुगर हाय का गं?"

"नाही. उपास आहे. शनिवारपासून."

"आन् ह्यो डबा?"

डबा कुणाचा ते सांगितलं. ती मोठ्यानं हसली. "लई शानी! दुसऱ्याला खिचडी आन् सोता रस्त्यावर आडवी! कुणासाठी चाललंय हे?"

"मालकांसाठी. गळ्यात गाठ आहे. आज कळणार आहे."

ती हसायची थांबली. फडक्यातली भाकरी काढून तिनं पाण्यात कुस्करली, वर गूळ ठेवला. "देवाला तुझी भूक काय करायची हाय? खा. मालकाला बायको लागंल, मढं नाय."

"प्रार्थना केल्याशिवाय सोडत नाही आम्ही."

"मग कर की हितंच. मी काय तोंड दाबलंय तुझं?"

डोळे मिटले. मागायचं ते आठवेना. मी थकले, एवढंच म्हणाले. मग खाल्लं. तिची गाडी आली, ती चढून गेली. नाव विचारायचं राहिलं. मी रिक्षानं जाऊन खिचडी पोचवली.

या बाईसाठी मी काहीएक केलं नव्हतं. करण्याच्या स्थितीतही नव्हते. तरी तिनं आपल्या वाट्याची भाकरी मला दिली. कृपेवर मी अनेकदा बोलले होते, ती घेतली मात्र त्या दिवशी. सत्कर्मं करू नयेत असं नाही. ती करावीत, पण देवाला बांधून ठेवायला नव्हे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला. लवकर सापडला आहे, सोमवारपासून गळ्याला रेडिएशनचा शेक घ्या, बरं व्हायची आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाले. भाकरी खाल्ली म्हणून असं झालं, हा विचार एकदा मनात आला. आला तसा गेला. यांचा हात धरून मी आभाराची प्रार्थना केली. हे ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर पोहे खाल्ले आणि मंडळीत पाळ्या लावणाऱ्या ताईंना फोन केला. "ताई, सोमवारपासून आमच्याकडे जेवण पाठवावं लागेल."

त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे?"

"हो, आमच्याकडे," मी म्हटलं. "मऊ असू द्या. तिखट नको."