हेल्मेटातला फडका

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं केलं ते एवढंच. मी ओट्यापाशी सायकल धरून उभा, तिनं ओला फडका पिळून माझ्या डोक्यावर ठेवला अन् वरून हेल्मेट दाबून बसवलं.

उंद्रीच्या रस्त्यावर पडून मी डोकं फोडून घेतलं, तेव्हा पोरीनं ते हेल्मेट पाठवलं होतं. वैशाखात ते घालणं म्हणजे डोकं चुलीवर ठेवणं. आतला स्पंज घामानं चिंब व्हायचा, घाम डोळ्यांत उतरून चुरचुरायचा. मी ते हँडलला अडकवून न्यायचो. बायकोनं पकडलं. मग तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला. रोज सकाळी माठातलं पाणी ओतून भिजवायची, पिळून द्यायची. सायकल उताराला लागली की हेल्मेटाच्या भोकांतून वारा शिरायचा आणि डोकं माठासारखं गार.

"पोतेरं ठेवून राह्यली काय डोक्यावर?" मी म्हणालो त्या शेवटच्या दिवशी.

"ठेवू द्या. आत भुसा भरला हाये, उन्हानं पेटन."

दुपारी शेतात निरोप आला. पोचलो तर ती चुलीपाशी आडवी, भोवती बायका. गेली होती. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं.

आमच्यात गेलेल्या बाईचे कपडे घरात ठेवत नाहीत. तेरवीला माझ्या बहिणीनं सगळी लुगडी, चोळ्या गाठोड्यात बांधल्या.

"भाऊ, अजून काई राह्यलं काय वहिनीचं?"

"नाई."

"पाह्य बरं नीट. जीव अडकते बाईचा."

"सांगतलं ना, नाई म्हणून!"

हेल्मेट माझ्या डोक्यावरच्या खुंटीला टांगलेलं होतं, फडका आतच. अडकला तर अडकू दे जीव, म्हटलं मनात. इथं कोणाले अडचण होऊन राह्यली?

संध्याकाळपर्यंत सगळे गेले. पोरगीही बसनं गेली. तिच्या हातची भाकर खाणारं गल्लीतलं कुत्रं ओट्यापर्यंत आलं, घरात पाहिलं अन् भाकर न मागताच वळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरून हेल्मेट काढलं. फडका वाळून पापडासारखा कडक, वर मिठाचे पांढरे डाग. वास घेतला. तिचा काही नाही, सगळा माझ्याच घामाचा. तरी माठातलं पाणी ओतलं, पिळला, डोक्यावर ठेवला. तिच्यासारखा पिळता आला नाही. पाणी कानामागून सदऱ्यात उतरलं. काढला, पुन्हा पिळला. मग हनुवटीखाली पट्टा लावला आणि सायकल रस्त्यावर घेतली.