गायकवाडांचं नाताळगाणं आणि पहिला नंबर

"अगं हो, ह्यांचंच गाणं. पहिल्या नंबरला. आणि आता ईरा म्हणते की..."

एवढं ऐकू आलं आणि लिफ्टचं दार बंद झालं. फोनवर बोलत वैशाली गायकवाड वर गेली, मी खाली उभी. दारात हात घालून लिफ्ट थांबवली असती, पण दोन्ही हातांत रद्दी होती.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये आम्ही चार मराठी घरं. चार घरांत किस्से ते किती असणार? पण साठतात. आमच्या ह्यांच्या खणात जुने चार्जर साठतात ना, तसे. कुठला कशाचा कळत नाही, पण टाकवतही नाहीत. गायकवाडांच्या गाण्याचे तेवढे मी वेगळे गुंडाळून ठेवलेत.

*

सुनील गायकवाड अकराव्या मजल्यावर राहतात. जुरोंग आयलंडला रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीच्या बसमध्ये बाकीचे झोपतात, हे गाणी रचतात.

नोव्हेंबर लागला की इथल्या दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात. बाहेर घामाच्या धारा, गाण्यात बर्फ. गायकवाड मला म्हणाले, "नंदावहिनी, गाणी दरवर्षी तीच बघा. अकरा महिने कुणी विचारत नाही, डिसेंबरात चार्टवर हजर. एकदा आत शिरलं की जन्माची सोय."

"पण तुम्ही तर बौद्ध," मी म्हटलं.

"मग? बुद्धजयंतीच्या गाण्यांत मोठमोठे गायक बसलेत. तिथे माझा नंबर कधी लागायचा? मराठी नाताळ पॉपमध्ये जागाच जागा आहे."

*

खरं कारण वैशालीने मला डोसे घालता घालता सांगितलं. त्यांची ईरा तेरा वर्षांची. लहानपणी बापाबरोबर प्रत्येक कार्यक्रमात गायची. सेकंडरीत गेली आणि बंद. ब्लॉकच्या वर्षअखेरच्या पार्टीत माझ्याबरोबर गा, म्हणून गायकवाड मागे लागले, तेव्हा ती म्हणाली, "ओके, बाबा. तुमचं गाणं टॉप हंड्रेडमध्ये आलं तर गाईन. नाही आलं तर परत कधीच विचारायचं नाही, लाह." हे 'लाह' इथल्या शाळेतलं, वाक्याच्या शेवटी चिकटतंच.

"'परत कधीच' म्हणाली गं," वैशाली म्हणाली. "हे रात्रभर कुशी बदलत होते."

*

पहिल्या मसुद्यात गायकवाडांनीही बर्फ घातला होता. वैशालीने खोडला. "तुम्ही बर्फ बघितलाय कुठे? कोळंबीच्या पाकिटावर!"

मग त्यांनी ऑफिसच्या एसीवर लिहिलं. 'सोळा डिग्रीवर नाताळ आला, स्वेटर दे गं, स्वेटर दे.' कपाटात गोधड्या लावून आत बसून रेकॉर्डिंग केलं. दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी आली. परत गायला कपाटात हवा उरली नव्हती, म्हणून शिट्टी ठेवली. गायकवाड सांगायचे, "चर्चची घंटा समजा."

*

चार्टवर चढवायची जबाबदारी आमच्या ह्यांनी घेतली. हे आयटीत मॅनेजर. आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर स्लाइड दाखवल्या. एका स्लाइडवर नुसता वर जाणारा बाण होता, त्यावर वीस मिनिटं बोलले. ठरलं असं की चारही घरांनी महिनाभर गाणं अखंड लावून ठेवायचं.

गाण्याच्या ॲपचं बिनजाहिरातीचं खातं फक्त गायकवाडांकडे होतं. त्यांनी पासवर्ड चारही घरांना देऊन टाकला. आपल्याकडे पासवर्ड म्हणजे शेजारी ठेवलेली किल्ली. नवं खातं उघडावं हे आठ सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सोमवारी सकाळी मी पोळ्या लाटताना गाणं लावलं. 'स्वेटर दे गं' म्हणेपर्यंत बंद पडलं. परत लावलं. परत बंद. ग्रुपवर बघते तर सगळ्यांची तीच रड. तीन दिवस आम्ही एकमेकांवर संशय घेतला. सहाव्या मजल्यावरचे देशपांडे तर म्हणाले, "काही लोकांना मराठी माणूस वर गेलेला बघवत नाही." ग्रुपवर सगळे मराठीच होते.

ह्यांनी मीटिंग बोलावली. स्लाइड सुरू होणार तेवढ्यात ईरा दारात उभी राहिली. "आंटी, एका अकाउंटवर एका वेळी एकच फोन चालतो. आणि ते अकाउंट माझं आहे! मी माझं एकही गाणं ऐकू शकत नाहीये."

हे म्हणाले, "मग शिफ्ट लावू या."

ईराने कपाळावर हात मारला. "आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदलते."

बदलला मात्र नाही. चारही घरांच्या शिफ्टला गाणं रोज चालू होतं, माझ्या दुपारच्यासुद्धा.

*

आता मला सांगा, एवढं सगळं झाल्यावर लिफ्टमध्ये 'पहिल्या नंबरला' ऐकलं तर माणूस काय करेल? रद्दी तिथेच ठेवून मी ग्रुपवर टाकलं, 'गायकवाडांचं गाणं पहिल्या नंबरला. बातमी घरातली आहे.' दुपारी कुणीतरी त्याला 'सिंगापूरमध्ये' जोडलं. चहाच्या वेळेला ते 'आशियात' झालं. नागपुरात गायकवाडांच्या वडिलांनी पेढे वाटले. हे ऑफिसमधून थेट लिटिल इंडियाला जाऊन जिलबी घेऊन आले.

जिलबी घेऊन अकराव्यावर गेलो तर गायकवाड सोफ्यावर चार्ट उघडून बसलेले.

"वहिनी, कसला पहिला नंबर? टॉप हंड्रेड सोडा, टॉप हजारातसुद्धा नाही."

मग वैशालीने सांगितलं. ते ॲप वर्षअखेरीला ज्याला त्याला स्वतःची यादी देतं, वर्षभरात तुम्ही कुठलं गाणं सगळ्यात जास्त ऐकलं त्याची. ईराने शाळेच्या मैत्रिणींच्या घोळक्यात ती उघडली. पहिल्या नंबरला बाबा! चार घरांच्या सगळ्या शिफ्टा तिच्या एकटीच्या नावावर लागल्या होत्या. चार्टच्या हिशेबाने जगात गायकवाडांची एकच चाहती होती आणि ती म्हणजे ईरा.

"मग ईरा काय म्हणते?" मी विचारलं. माझं अर्धं वाक्य अजून अडकलेलं होतं.

"म्हणते की आता शाळाच बदला."

*

पार्टी रविवारी दुपारी, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत झाली. पैज हरल्यामुळे गायकवाडांनी ईराला विचारलं नाही. एकटेच गायले. ईरा मागे टपालपेट्यांपाशी कानात इअरफोन घालून उभी. कुकरच्या शिट्टीच्या जागी गायकवाड थांबले, लोकांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. गायकवाडांनी खरंच संपवलं.

जेवणं झाली. वैशाली भांडी घेऊन आधीच वर गेली होती. लिफ्टमध्ये गायकवाड, ईरा आणि मी. मी माझा नववा दाबला.

दुसरा मजला गेला असेल. ईरा मोबाईलमध्ये डोकं घालून हळूच गायला लागली. दुसरं कडवं, शिट्टीसकट.

गायकवाडांचं बोट अकरावर टेकलं होतं, दाबलं नव्हतं. ते त्यांनी उचललं, वर नेलं आणि सगळ्यात वरचं, पंचवीस दाबलं.

नवव्यावर दार उघडलं. मी न उतरता बंद करायचं बटण दाबलं.