द्राक्षबागेतला आहेर

पारनेरच्या माळावर आमची वायनरी आहे असं सांगितलं की पुण्याहून आलेले पाहुणे आधी माझ्याकडे बघतात, मग ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे, आणि मग परत माझ्याकडे. मला तो क्षण फार आवडतो. मी मुद्दाम जरा थांबते, त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ नीट मुरू देते आणि मग म्हणते, "चला, आधी बाग दाखवते."

शनिवार-रविवारी पाहुण्यांना फिरवणं हे माझं काम. माझे यजमान सुप्याच्या एका कंपनीत नोकरीला, त्यामुळे घरच्या धंद्यात बोलायचं खातं माझ्याकडे आलं, आणि घरातल्या कुणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

ही बाग लावली माझ्या सासऱ्यांनी. मामंजींनी आजवर वाइनचा एक घोटही गिळलेला नाही. तोंडात घेतात, घोळवतात, डोळे मिटतात, मान डोलावतात आणि थुंकतात. गावात म्हणतात, "म्हातारा थुंकायसाठी एवढी शेती करतो." सासूबाई तर टाक्यांच्या शेडचा उंबरा ओलांडत नाहीत. गाव आमच्या वायनरीला 'कारखाना' म्हणतं आणि आत काय बनतं हे विचारायचं मोठ्या सभ्यपणे टाळतं.

कारखाना चालवतात माझे थोरले दीर. भाऊजी त्याच विषयात शिकून आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्याला शिस्त लावली. छपरावर सोलर आलं, टाक्या धुतलेलं पाणी गाळून चिंचांना जाऊ लागलं, द्राक्षांचा चोथा खताच्या खड्ड्यात, रिकाम्या बाटल्या धुवून परत कामाला. घरात कुणी नळ जरा जास्त वेळ चालू ठेवला की भाऊजी नुसते येऊन शेजारी उभे राहतात. माणूस आपोआप नळ बंद करतो. भाऊजी प्रेमळ आहेत, पण रस तपासायच्या यंत्रावर जे दिसतं तेवढंच ते खरं मानतात.

आणि यंत्रावर मामंजींचा जुना प्लॉट नापास होत होता.

हा प्लॉट म्हणजे उताराला असलेली पांढऱ्या द्राक्षांची बाग. मामंजींनी सगळ्यांत आधी लावलेली, पश्चिमेचं ऊन अंगावर घेणारी. पूर्वी फेब्रुवारीत आमच्याकडे पहाटे गोधडी सोडवत नसे. आता त्याच फेब्रुवारीत दुपारी पंखा लावून बसतो. वाइनच्या द्राक्षाला साखर लागते, पण तेवढाच आंबटपणाही लागतो. ऊन वाढलं की साखर धावत सुटते आणि आंबटपणा पळून जातो. मग वाइन लागते मीठ विसरलेल्या आमटीसारखी. लागोपाठ दोन हंगाम तसंच झालं. वर्षभर सगळ्या जगाच्या जिभेवर गोडवा राहो म्हणून तिळगूळ वाटणाऱ्या गावात आमचं एकच घर आंबटपणासाठी देव पाण्यात घालून बसलेलं असतं.

संक्रांतीच्या थोडं आधी भाऊजींनी जेवताना जाहीर केलं, "बाबा, यंदाही तसंच झालं, तर एप्रिलमध्ये त्या प्लॉटवर छाटणी नाही, जेसीबी. तिथे उन्हाला टिकणारी काळी जात लावू."

मामंजींनी ठेच्याला हात लावला नाही. ठेचा न खाणारे मामंजी आमच्या घरात तोवर कुणी पाहिलेले नव्हते. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मुलाच्या ताटात आणखी भाकरी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजी शेजारच्या डाळिंबाच्या बागेपाशी उभे राहून काहीतरी बघत होते. आमच्या भागात डाळिंबाला ऊन लागू नये म्हणून झाडांना जुन्या साड्या गुंडाळतात. घरी येऊन ते म्हणाले, "डाळिंबाला चालतं, मंग द्राक्षाला का न्हाई? मावळतीच्या अंगाला साड्या बांदायच्या. दुपारचं ऊन थोपलं म्हंजी झालं."

भाऊजींनी विचार केला. मला वाटलं, आता नाही म्हणतील. पण त्यांनी मान हलवली. "करून बघू. शेडनेटचं प्लास्टिक आणण्यापेक्षा बरं. पण काही ओळी उघड्या ठेवायच्या, तुलनेला. आणि निकाल यंत्राचा."

"यंत्राचा तर यंत्राचा," मामंजी म्हणाले आणि त्या रात्री ठेचा पुन्हा ताटात आला.

आता साड्या आणायच्या कुठून? मामंजी गावात दारोदार फिरले आणि हात हलवत परत आले. जुन्या साड्या उरलेल्याच नव्हत्या. अर्ध्या बोहारणीकडे देऊन लोकांनी पातेली घेतलेली, उरलेल्यांच्या गोधड्या झालेल्या आणि बाकीच्या त्या डाळिंबावर.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझं हळदीकुंकू हाय की परवा. समद्या बाया येनारच हायेत. येताना एकेक जुनी साडी घिऊन या म्हनावं."

ज्या बाईने कारखान्याचा उंबरा ओलांडला नव्हता, तिने आपलं हळदीकुंकू कारखान्याच्या कामाला दिलं. मी इतकी खूश झाले की लगेच महिलांच्या ग्रुपवर निरोप टाकला: हळदीकुंकवाला यायचं आहे, येताना घरातली एक जुनी साडी आणायची आहे, द्राक्षांना सावली करायला. निरोपात काही चूक नव्हती. 'जुनी' हा शब्द स्पष्ट होता.

चूक आमच्या अकलेत होती. आम्ही सावलीचा विचार केला, बायकांचा केलाच नाही. अख्ख्या गावासमोर, सणाच्या दिवशी, नटूनथटून, हळदीकुंकवाला जाताना हातात विटकी, फाटकी साडी घेऊन कोण येईल?

पहिल्या आल्या शेजारच्या मळ्यातल्या काकू. त्यांनी पिशवीतून काढली कोरी करकरीत साडी, घडी न मोडलेली, आत ब्लाउजपीस, वर दुकानाचं लेबल. मागून सरपंचबाई. त्यांचीही कोरी. मग एकेक करत सगळ्याच. कोपऱ्यात पाटावर साड्यांचा ढीग चढत गेला आणि एखाद्या लग्नघरासारखा दिसू लागला.

"अहो काकू, जुनी म्हटलं होतं," मी म्हणाले.

"असू दे गं. जुनीच हाय, वापरली न्हाई यवढंच," काकू म्हणाल्या.

सासूबाईंनी वाण म्हणून सगळ्यांच्या ओटीत आमच्याच बागेतले मनुके घातले. बायका उखाणे घेत, हसत, मनुके चघळत घरी गेल्या. आणि आम्ही दोघी त्या ढिगापुढे बसलो तेव्हा उलगडा झाला. या सगळ्या आहेराच्या साड्या होत्या. लग्नात मिळालेल्या, न आवडलेल्या, पण पुढच्या लग्नात कुणाला तरी द्यायला म्हणून कपाटात जपून ठेवलेल्या. आहेराची साडी कुणी नेसत नाही. ती फक्त फिरते. या घरातून त्या घरात, या मांडवातून त्या मांडवात, वर्षानुवर्षं, घडी न मोडता. आमच्या पाटावर अख्ख्या गावाचा आहेर येऊन थांबला होता.

मामंजींना यात काही वावगं दिसलं नाही. "कापड हाय ना?" म्हणाले आणि मणी मऊ पडून त्यांत पाणी उतरायच्या सुमाराला त्यांनी सगळ्या साड्या बांधून टाकल्या. ओळींच्या मावळतीच्या बाजूला, तारेला पदर, खाली काठ. जांभळ्या, शेवाळी, आंबा रंगाच्या, मोरांच्या, कुयऱ्यांच्या. माळावरून वारा आला की सगळा उतार झिम्मा खेळायला उभा राहिल्यासारखा हलायचा. माझे पाहुणे तर वाइन विसरून फोटो काढत सुटले.

पण मामंजींनी एक गोष्ट केली होती. आहेर, जो इतकी वर्षं कपाटांच्या अंधारात गुपचूप फिरत होता, तो त्यांनी पदर पसरून रस्त्याच्या कडेला टांगला होता.

दोनच दिवसांत काकू बागेच्या बांधावर उभ्या. कमरेवर हात. "ही अबोली, मोराच्या काठाची. ही कुनी आनली?"

"सरपंचबाईंनी," मी म्हणाले. मला अजून अंदाज नव्हता.

"आस्सं! माझ्या लेकीच्या लग्नात मी त्यांस्नी हौसंनं दिल्ती. लई आवडली म्हनाल्या, कवटाळून घेतली. आन् अशी आवडली?"

सरपंचबाईंना कुणीतरी लगेच कळवलं असणार, कारण चहा उकळायच्या आत त्याही हजर. आल्या त्या सरळ दुसऱ्या ओळीत गेल्या आणि शेवाळी साडीचा पदर धरून म्हणाल्या, "माझं राहू द्या काकू. ही तुमी आनलेली ना? ही मी तुमच्या सुनंच्या डोहाळजेवनाला दिल्ती. नेसली का ती पोरगी? लेबलसुदीक काढलं न्हाई!"

मग काय विचारता! दुपारपर्यंत निम्मं गाव ओळीओळीत. प्रत्येकीने आपण आहेरात दिलेली साडी शोधली, आणि प्रत्येकीला ती दुसरीच्या नावावर टांगलेली सापडली. मी मध्ये उभी राहून इकडून तिकडे मान फिरवत होते. असा खेळ तिकीट काढूनही बघायला मिळत नाही.

अबोली साडीचा माग तर बायकांनी पार शेवटपर्यंत काढला. काकूंना ती मिळाली होती त्यांच्या नणंदेकडून. नणंदेला, गावातल्याच एका बारशात, शिक्षिकाबाईंकडून. शिक्षिकाबाई आठवत आठवत म्हणाल्या, "मला ना… मला ती इथूनच मिळाली होती. वास्तुशांतीला."

सगळ्या वळून सासूबाईंकडे बघू लागल्या. कारखान्याच्या वास्तुशांतीला बाहेर मांडवात सगळ्या पाहुण्याबायकांना साड्या सासूबाईंनीच नेसवल्या होत्या. सासूबाई शांतपणे पुढे गेल्या, काठ बोटांत घेऊन निरखला, आणि म्हणाल्या, "व्हय, माझीच. लई दिस सासुरवास केला बिचारीनं. माहेरी आली."

पहिली हसली ती काकू. मग सरपंचबाई. मग हसणं ओळीओळीतून असं पसरलं की पलीकडच्या डाळिंबातले गडी काम सोडून बघत राहिले.

त्या दिवसापासून मात्र एक नवल झालं. ओळींना मालकिणी मिळाल्या. काकूंची ओळ, सरपंचबाईंची ओळ, शिक्षिकाबाईंची ओळ. येता-जाता बायका बागेत डोकावू लागल्या. वाऱ्याने गाठ सुटली तर जिची ओळ ती बांधून जायची. "माझ्या ओळीत मनी चांगलं भरल्यात," काकू सांगायच्या. "भरल्यात, पन पाखरं बी तुमच्याच ओळीत हायेत," सरपंचबाई म्हणायच्या. ज्या कारखान्याचं नाव गाव तोंडातल्या तोंडात घेत होतं, त्याच्या द्राक्षांवरून आता पाणवठ्यावर चढाओढ.

मामंजी हे सगळं ऐकायचे, पण हसायचे नाहीत. ते रोज संध्याकाळी एक मणी उघड्या ओळीतला खायचे, एक साडीमागचा. त्यांच्या तोंडाकडे बघून आम्हाला काही कळेना. जिभेवर त्यांचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता. निकाल यंत्राचा ठरला होता.

तोडणीचा दिवस उजाडला. गारवा असतानाच माल आत यायला हवा म्हणून आम्ही पहाटेच बागेत गेलो, आणि बघतो तर ओळींच्या मालकिणी कात्र्या घेऊन आधीच उभ्या. मजूर कशाला सांगितले होते कोण जाणे. ज्यांनी वाइनच्या बाटलीला कधी हात लावला नाही, त्या बायका "माझं क्रेट येगळं ठिव गं" म्हणत घड तोडत होत्या.

ऊन चढायच्या आत क्रेट शेडमध्ये आले. भाऊजींनी उघड्या ओळीतला रस काढला, तपासला, लिहिलं. मग साड्यांच्या ओळीतला रस. बायका दारात दाटीवाटीने उभ्या. मामंजी बाहेर बाजेवर, आत न बघता, नखाने बाजेचा सुंभ टोकरत.

भाऊजींनी यंत्र बघितलं. धुतलं. परत रस घेतला. परत बघितलं.

न राहवून सासूबाई पुढे झाल्या. शेडचा उंबरा त्यांनी ओलांडला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, माझ्या मात्र आलं. "आंबट हाय का रं?" त्यांनी विचारलं.

"आहे," भाऊजी म्हणाले. "उघड्या ओळींपेक्षा चांगलाच आहे."

बायकांनी असा गलका केला की छपरावरची कबुतरं उडाली. भाऊजी त्या गलक्यात म्हणाले, "एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही," पण ऐकायला कोण होतं? मी होते. आणि बाजेवरचे मामंजी होते. त्यांचं नख थांबलं होतं, ते परत सुंभ टोकरू लागलं.

आणि एप्रिलमध्ये जेसीबी खरोखरच आला. त्या दिवशी भाऊजी एका लग्नाहून परस्पर यायचे होते. जेसीबी फाटकात धडधडत उभा, आणि मामंजी जुन्या प्लॉटच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले, डोक्याला टोपी, हातात काठी. सासूबाई त्यांच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन. मीही जाऊन उभी राहिले. आम्ही तिघं मिळून त्या पिवळ्या धुडाला अडवणार होतो.

भाऊजींची गाडी आली. ते उतरले, आमच्याकडे पाहिलं, आणि जेसीबीवाल्याला हाताने पलीकडची बाजू दाखवली, चिंचांच्या खालची. "शेततळं तिकडे घ्यायचंय," म्हणाले. "इकडे का आलात?" मग आमच्याकडे वळले. "काळी जात मी वरच्या मोकळ्या तुकड्यात लावतोय. सांगितलं नव्हतं का?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"सांगायचं राहिलं असेल." मग ते गाडीकडे परत गेले, मागच्या सीटवरून एक पिशवी काढली आणि मामंजींच्या मांडीवर ठेवली. लग्नात आमच्या घरासाठी मिळालेली आहेराची साडी. भडक गुलाबी, सोनेरी टिकल्यांची, घडी न मोडलेली.

"उघड्या ओळी होत्या ना," भाऊजी म्हणाले. "पुढच्या हंगामात त्यांनाही लागतील."

मामंजींनी साडी उलगडली, उन्हाकडे धरली आणि तिच्यातून सूर्य किती दिसतो ते एक डोळा मिटून बघितलं.

"इरळ हाय," ते म्हणाले. "दुहेरी बांदावी लागंल."