वेणीला लागलेला हात

पौषातल्या एका शनिवारी सकाळी माझा मित्र वारला. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये, घरी. मी बारामतीत होतो. निरोप दुपारी आला.

त्याच्या महिनाभर आधीची एक गोष्ट मला लिहून ठेवायची आहे. तिच्यात माझीही एक चूक आहे.

बारामतीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो वालचंदनगरला फिटर म्हणून लागला आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात. सुट्टीच्या दिवशी तो एस.टी.नं यायचा आणि आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात बसायचो. बोलायचं काम त्याचं. "हं लायब्ररी, घरचं सांग," असं म्हणून तो सुरुवात मला करायला लावी. माझं घरचं दोन वाक्यांत संपे: आई बरी आहे, धाकट्याला अजून नोकरी नाही. मग त्याचं सुरू होई. शेळगावच्या चुलत्यानं शेवटची मेंढरं विकून डाळिंब लावलं. बहिणीला तिसरी मुलगी झाली, तरी सासूनं सगळ्या आळीला पेढे वाटले. हे सांगताना तो स्वतःच पेढे वाटल्यासारखा बोलायचा. शेवटी लेकीवर यायचा. तिच्यावर आला की चहा गार होणार हे ठरलेलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचं येणं थांबलं. यकृत गेलं होतं, पोटात पाणी भरत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ काय, हे आमच्याआधी त्याला कळलं. मग मीच वालचंदनगरला जाऊ लागलो.

त्याला एक गोष्ट कानानं ऐकायची होती. लेक दहावीला होती, शाळेच्या खो-खो संघाची कप्तान. तालुक्याचा अंतिम सामना इंदापुरात होता आणि जिंकणारा संघ जिल्ह्याला जाणार होता. तो स्वतः शाळेत असताना तालुक्यालाच हरून परत आला होता. क्वार्टरच्या बोळात डांबराची दोन रिकामी पिंपं खांब म्हणून उभी करून त्यानं तिला वळायला शिकवलं होतं. "पोरगी जिल्ह्याला गेली एवढं ऐकलं की बास," तो म्हणायचा. "मग न्या मला कुठं न्यायचं तितं."

सामन्याला घरचं माणूस म्हणून मी गेलो. एरवी वहिनी जायच्या. मैदानात उतरायच्या आधी त्या लेकीच्या दोन्ही वेण्या दुमडून वर घट्ट बांधत. त्या दिवशी त्यांना त्याच्याजवळून हलता आलं नाही. मुलगी शाळेत जाते तशाच वेण्या सोडून आली होती, खाली लाल रिबिनी. मला ते दिसलं. आपल्याला त्यातलं काय कळतं, म्हणून मी बोललो नाही.

शेवटच्या पाळीत दोन्ही संघांचे गुण सारखे झाले. पाठलाग इंदापूरच्या मुली करत होत्या. आमच्या बाजूचा शेवटचा गडी म्हणून हीच आत होती. मिनिटाहून कमी वेळ उरला होता. तेवढा वेळ ती टिकली असती, तर जादा डाव मिळाला असता. इंदापूरची एक उंच मुलगी तिच्या मागे लागली. हिनं खांबाशी अशी गिरकी घेतली की त्या मुलीचा हात हवेतच राहिला, असं मला वाटलं. पंचांनाही तसंच वाटलं असावं, कारण शिट्टी वाजली नाही. ती उंच मुलगी तर पुढच्या गड्याला खो द्यायला वळलीसुद्धा.

आमची मुलगी थांबली. तिनं हात वर केला.

"अगं, मी बाद दिलेलं नाही. खेळ, खेळ," पंच म्हणाले.

"सर, माझ्या वेणीला हात लागला," ती म्हणाली आणि चालत रेषेबाहेर आली.

एका गुणानं सामना गेला. ती लिंबाखाली एकटी बसली. जरा वेळानं ती उंच मुलगी आली, तिच्या मागे बसली आणि काही न विचारता तिच्या वेण्या दुमडून वर बांधू लागली. "अशा लोंबत्या वेण्या घेऊन कुणी पळतं का गं? उद्या एखादी कुणाच्या हातात सापडली तर तोंडावर पडशील." आमची मुलगी तेव्हा रडली. ती उंच मुलगी मात्र शेवटची गाठ मारेपर्यंत उठली नाही.

परतीच्या एस.टी.त मुलगी माझ्या शेजारी बसली होती. वालचंदनगरला वळणारा जंक्शनचा फाटा आल्यावर म्हणाली, "काका, अण्णांना असं सांगा, पंचांनी बाद दिलं."

"का गं?"

"मीच हात वर केला म्हटल्यावर त्यांना वाटेल, लेकीनंच घालवलं."

मी बरं म्हणालो.

तो उशांना टेकून बसला होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. "बोल लायब्ररी."

"एका गुणानं हरल्या. शेवटी ही बाद झाली."

"कशी?"

"पंचांनी दिलं."

"हात लागला व्हता का?"

"मला तरी दिसला नाही."

हे खरं होतं. ते खरं असल्यामुळेच माझं खोटं त्याला पटलं.

"दिसला न्हाय आन् बाद दिलं?" तो ताठ झाला. "कागद घे. अर्ज करू. ह्यो सामना परत झाला पायजे."

"अवो, पडा की जरा. खेळ हाय त्यो," वहिनी म्हणाल्या.

"खेळ हाय म्हणूनच! तिचा घास काढून घेतला त्यांनी. लिही रं."

लोकांचे अर्ज लिहिणं हे माझं नेहमीचंच काम. मी कागद घेतला. तारीख घातली, मायना लिहिला. ज्या माणसानं तिला "खेळ, खेळ" म्हटलं होतं, त्याच्याविरुद्ध मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहीत होतो. थांबावं हे कळत होतं. पण आता खरं सांगितलं तर ह्याचं काय होईल, या भीतीनं हात चालूच राहिला.

"लिही, पंचांनी पक्षपात केला."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अण्णा, काका खोटं बोलले. मीच त्यांना सांगितलं होतं. पंचांनी बाद नाही दिलं. मी हात वर केला."

मी पेन खाली ठेवलं. मग त्यानं हळू विचारलं, "कुठं लागला?"

"वेणीला. रिबिनीच्या वर."

"त्या पोरीला कळलं व्हतं?"

"नाही."

"पंचाला?"

"नाही."

"तुला एकटीला कळलं."

"व्हय."

तो तिच्याकडे बघत राहिला. वहिनींना राहवलं नाही. "येणीला लागल्यावर कुठं बाद असतं का? अंगाला तर न्हाय लागला."

"येणी काय शेजारणीची उसनी आणली व्हती?" तो म्हणाला. "अंगाचीच हाय. बाद."

मग माझ्याकडे वळला. "आन् तू रं? एवढी कपाटं वाचून ह्ये शिकलास? त्या बापड्या पंचाला फासावर द्यायला निघाला व्हतास." तो हसायला लागला. हसताना पोट दुखायचं म्हणून त्यानं दोन्ही हात पोटावर धरले आणि तरी हसला. "ये बस हितं," तो लेकीला म्हणाला. "आता पयल्यापास्नं सांग. टॉस कुणी जिंकला?"

पुढचे तीन आठवडे त्याला बघायला माणसं येत राहिली. ती पोटातल्या पाण्याची चौकशी करायला यायची आणि खो-खोचा सामना ऐकून जायची. त्याच्या तोंडी सामन्याचा शिल्लक वेळ दर वेळी कमी व्हायचा. शेवटी तो पाच सेकंदांवर आला, तेव्हा लेकीनं आतून ओरडून दुरुस्ती केली. शेळगावचे चुलते सगळं ऐकून म्हणाले, "पर हारलीच न्हवं?"

"हारली की, तात्या," तो म्हणाला. लोक पोरगी पहिल्या नंबरानं पास झाली म्हणून सांगतात, तसा. जिल्ह्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

दहाव्याला इंदापूरची ती उंच मुलगी आली होती. तिच्याबरोबर ते पंचही होते. एका शाळेत शिक्षक आहेत, हे मला तेव्हा कळलं. ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत माझा निकाल कुणी असा दुरुस्त केला नव्हता." मी हात जोडले. अर्जाचं त्यांना सांगितलं नाही.

त्याला आता चार वर्षं झाली. मुलगी बारामतीत कॉलेजला आहे. ती आता खेळत नाही. पुस्तकं बदलायला ग्रंथालयात येते तेव्हा आम्ही थोडं बोलतो.

तो अर्ज माझ्याकडे आहे. त्यावर तारीख आहे, मायना आहे आणि एक अर्धं वाक्य आहे.