तेल लावलेली घोडी

बपेऱ्याच्या व्यापाऱ्याने मला आजारी घोडी विकून फसवलं. कडुलिंबाच्या तेलाचा वास आला की ती आठवते. तेलाने चकाकणारं तिचं अंग बघून, दात-खूर तपासून मी तासभर घासाघीस केली होती. घरी कारध्याला आणली आणि ती तापाने आडवी झाली. डॉक्टरांनी विचारलं, "अंगावर गोचिडी होत्या काय?" "एकबी नव्हती जी, मी पाहूनच घेतली," मी छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी उन्हाचा ताप समजून औषध दिलं. तीन दिवसांनी आयाळीखाली चाव्यांच्या खपल्या सापडल्या, रक्तात गोचिडीच्या तापाचे जंतू निघाले. "पहिल्याच दिवशी समजलं असतं तं वाचली असती," डॉक्टर म्हणाले. आता भांडायचंही त्राण नाही. तरी त्या व्यापाऱ्याने समोर यावं आणि एवढंच सांगावं: गोचिडी वेचून तेल चोळताना तुह्या हाताले तिचा ताप लागला नाही काय?