काळूरामची टाच

नेव्हीतले किस्से आता पुरे, असं दर वेळी ठरवतो. पण दहिवलीच्या टपरीवर चहा घेताना कुणीतरी विचारतंच, "कर्जतवाल्यांनो, तुमच्याकडं समुद्र कुठंय?" मग माझी सटकते आणि काळूराम आठवतो!

आमच्याकडच्या ठाकूरवाडीचा काळूराम आणि मी एकाच लँडिंग शिपवर होतो. हे जहाज थेट वाळूवर चढतं, तोंड उघडतं आणि पोटातले ट्रक किनाऱ्यावर उतरवतं. आमचे चीफसाहेब मालवणकडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी काळूरामला विचारलं, "पोहायला कुठं शिकलास रे?"

"नदीच्या पुरात, सायब. तितं क्लास नाय, डायरेक परीक्षा!"

*

दुसऱ्या दिवशी जहाज समुद्रात निघालं आणि काळूराम उलट्यांनी आडवा. चीफसाहेब म्हणाले, "डोंगरातल्या माणसाला समुद्र कशाला? तुला किनाऱ्यावरच्या स्टोअरला धाडतो!"

काळूराम उठला, घरच्या ठेच्याची बाटली उघडून चपाती खायला बसला. "उलटी झाली तर परत जेवीन, सायब. माघारी नाय जानार!"

*

मग सराव आला. जहाज वाळूवर चढलं. ट्रक उतरणार तोच काळूरामनं खाली उडी मारली, बूट काढला आणि वाळूत टाच दाबली. "सायब, टाच बुडते. लावनीच्या शेतावानी हाय. ट्रक रुतंल!"

"आता तू मला किनारा शिकवणार?"

ट्रक उतरला आणि चाकं दिसेनाशी झाली! तो काढण्यात अख्खा दिवस गेला. संध्याकाळी चीफसाहेबांनी काळूरामच्या बदलीची चिठ्ठी लिहून खिशात ठेवली. मला भयंकर राग आला. ट्रक रुतवला त्यांनी, आणि स्टोअरला हा!

*

परतायच्या आधी एक काम उरलं होतं. एका बेटावरच्या आपल्या चौकीला रसद द्यायची होती. त्या बेटावर शेजारच्या देशाचाही दावा. आम्ही किनाऱ्याला लागलो, तर त्यांची गस्ती बोट बाजूलाच उभी! भोंग्यावर एकच घोष, "हे पाणी आमचं आहे. मागे फिरा!"

चीफसाहेबांनी बोटीकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काळूराम, बघ रे जरा."

काळूराम उतरला. बूट काढून टाच दाबली. "नाय बुडत, सायब. आना ट्रक!"

सगळे ट्रक उतरले. भोंगा चालूच. काळूराम तिथंच वाळूत मांडी घालून बसला आणि ठेच्याची बाटली उघडली.

"अरे, काय करतोस?" चीफसाहेबांनी विचारलं.

"उतरलोयच, तर जेवून जातो!"

चीफसाहेब त्याच्या शेजारी बसले. अर्धी चपाती मागून घेतली. ताट नव्हतं. मग खिशातली ती चिठ्ठी काढली, मांडीवर पसरली आणि म्हणाले, "वाढ ठेचा!"