वरचं केडगाव

शिक्रापूरच्या चौकात कुणालाही विचारलं असतं, इनुस मुलाणी कुठं भेटेल, तर उत्तर एकच यायचं: रस्त्यावर. माणूस घरात कमी आणि स्टेअरिंगमागं जास्त. आधी ट्रकवर क्लीनर, मग शिक्रापूर-पाबळ काळी-पिवळी जीप, जिच्यात आत जेवढी माणसं तेवढीच बाहेर लोंबकळायची; आणि कारखाने आल्यावर बिरदेवच्या ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हर. बिरदेवच्या बापानं मेंढरं विकून जमीन धरली होती, पोरानं जमिनीचा तुकडा विकून गाड्या धरल्या. त्याच्याकडच्या भाड्याच्या गाड्यांवर सगळ्यांत जुना माणूस इनुस. बिरदेव मालक असून त्याला मामा म्हणायचा.

इनुस रस्ता सांगायला लागला की ऐकणाऱ्यानं मुकाट उभं राहायचं. उजवं-डावं हे शब्द त्याला मान्यच नव्हते. ‘पाण्याच्या टाकीला पाठ द्यायची, चांगुणाच्या हॉटेलाकडं तोंड करायचं, मग नाकासमोर येईल तो धरायचा,’ असली त्याची भाषा. लोक हसायचे, पण पोचायचे. आणि एखादा नवा ड्रायव्हर खाली उतरून पानटपरीवर रस्ता विचारताना दिसला की इनुस लांबूनच ओरडायचा, “काय पाव्हणं, कुनीकडं?” हा शब्द त्यानंच अड्ड्यावर रुजवला होता. रस्ता विचारणारा तो पाव्हणा. एकदा हे नाव पडलं की वर्षभर सुटका नसायची.

पहिल्यांदा घडलं ते तळेगाव ढमढेऱ्याच्या वळणावर. मागं कंपनीचा साहेब बसलेला, आणि समोरचे दोन्ही रस्ते इनुसला सारखेच अनोळखी दिसायला लागले. मागून हॉर्न सुरू झाले. तो शांतपणे खाली उतरला, चाकाला लाथ मारून हवा बघितल्यासारखं केलं, आणि बिरदेवचीच दुसरी गाडी पुढं गेली तशी तिच्यामागं निघाला. आठवड्याभरात पुन्हा तेच झालं. मग चाकाची हवा बघणं रोजचंच होऊन बसलं. बिरदेवला वाटलं, मामा वय झाल्यावर गाडीला फारच जपायला लागले.

इनुस घाबरला होता. ड्रायव्हरच्या डोक्यातून रस्ता गेला तर बाकी उरतं काय? डॉक्टरकडं जायचं त्याच्या मनात येऊन गेलं, पण डॉक्टर सांगेल ते बिरदेवच्या कानावर जाईल, बिरदेव गोड बोलून किल्ली काढून घेईल, आणि अड्ड्यावरचं सगळ्यांत मोठं तोंड असलेला माणूस उद्यापासून सगळ्यांचा पाव्हणा होईल. त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आणि खरं बोलायचं तर, डॉक्टरकडं तरी त्यावर कुठलं औषध होतं!

दोन हजार आठचा उन्हाळा तो. मोबाईल सगळ्यांच्या हातात आले होते, पण त्यात अजून रस्ते नव्हते. रांजणगावच्या एका कारखान्यात परदेशातून आलेला इंजिनिअर बिरदेवकडून ड्रायव्हरशिवाय गाडी घ्यायचा. बिरदेव देईल त्या गाडीच्या काचेला तो खिशातून काढलेलं, रस्ता सांगणारं एक यंत्र रबरी कपानं चिकटवायचा, आणि संध्याकाळी उतरताना काढून पुन्हा खिशात घालायचा. मराठीचा एक शब्द न येणारा हा बाबा भीमाशंकर एकट्यानं बघून आला, तेव्हा बाकीच्या ड्रायव्हरांनी नुसतं कौतुक केलं. इनुस मात्र त्या यंत्राकडं तहानलेल्या माणसागत बघत राहिला. त्याच्याही हाताखाली रोज वेगळी गाडी असायची, आज इंडिका तर उद्या तवेरा. डब्याच्या पिशवीतून नेता येईल आणि कुठल्याही काचेला चिकटेल, असंच काहीतरी त्याला हवं होतं.

पुण्यातल्या दुकानात चष्मेवाला, टक्कल पडलेला विक्रेता भेटला. माणूस मोठा हौशी. त्यानं काउंटरवर तीन यंत्रं मांडली आणि लग्नाच्या मुली दाखवाव्यात तसे एकेकीचे गुण सांगायला लागला. हिचा पडदा मोठा, पण गाडीच्या सॉकेटला लावल्याशिवाय चालत नाही. ही नाजूक, खिशात मावते, पण आवाज बारीक. ही तिसरी जरा जाडजूड, पण बॅटरी टिकते, आणि बाई हिंदीत खणखणीत बोलते.

इनुसनं इंडिकाचा विचार केला. तिचं सॉकेट कधीच जळून गेलं होतं, म्हणजे पहिली बाद. दुसरीचा आवाज ट्रकांच्या गर्दीत काय ऐकू येणार! तरी तो अडून राहिला होता. विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक चोखंदळ आहे.

“चाचा, एक युक्ती सांगतो,” तो म्हणाला. “नकाशा चांगला की वाईट हे कसं ओळखायचं? तुम्हाला तोंडपाठ असलेला एखादा रस्ता विचारायचा. यंत्रानं तोच सांगितला तर घ्यायचं, नाहीतर तसंच ठेवून निघायचं. बोला, कुठला रस्ता पाठ आहे?”

आयुष्यात एवढा सोपा प्रश्न इनुसला कुणी विचारला नव्हता. “शिक्रापूर ते यवत,” तो कसाबसा म्हणाला. तिन्ही पडद्यांवर तीन रेघा उमटल्या. त्यांतली एक बाकीच्या दोघींपेक्षा वेगळी होती, एवढं त्याला दिसलं. बरोबर कुठली, ते काही केल्या सांगता येईना.

“काय, बरोबर दाखवतंय का?”

“बराबर हाय,” इनुस म्हणाला. “तिन्ही बराबर हायेत.”

विक्रेता हसला. इनुसनं खणखणीत आवाजाची बाई घेतली. महाग होती, पण त्यानं घासाघीससुद्धा केली नाही. विक्रेत्यानं वापर शिकवला: गावाचं नाव इंग्रजीत टाकायचं, यादी येते, वरचं नाव दाबायचं, झालं. नंबरप्लेटा वाचून वाचून इनुसला इंग्रजी अक्षरं लागत होती. यादीतल्या नावापुढं बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं, ते ना त्यानं विचारलं, ना विक्रेत्यानं सांगितलं.

काही दिवस सुखात गेले. बाई ‘आगे से दाएँ मुड़िए’ म्हणायची, इनुस वळायचा. बिरदेवनं चेष्टा केली, “मामा, तुमी आन् मशीन? सूर्य कुनीकडं उगवला म्हनायचा?” इनुस म्हणाला, “सायबलोकास्नी बरं वाटतं रं.” पण आत काय होत होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. आधी रस्ता गेला की तो शोधायला डोकं धडपडायचं तरी. आता धडपडायचं कारणच उरलं नाही, आणि वर्दळ थांबलेल्या पायवाटेवर गवत माजावं तसे एकेक रस्ते बुजत चालले.

मे महिन्यातल्या एका सकाळी दौंड तालुक्यातल्या केडगावहून फोन आला. केडगाव हे इनुसच्या बायकोचं, इमामबीचं माहेर. तिचा भाऊ नौशाद बोलत होता. अम्मी गेली होती. उन्हाचे दिवस, फार वेळ ठेवता येणार नाही, दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर लगेच दफन. इमामबी उंबऱ्यावरच बसली. घरात बोली म्हणजे हिंदी-मराठीची खिचडी, पण रडताना तिला मराठीच यायची.

“आवं, बाईमान्साला कबरस्तानात जाता येत न्हाई,” ती म्हणाली. “बगायचं ते घरातच. मला माज्या आयचं तोंड बगू द्या. येवडं करा.”

“चल, ऊठ. जोहरच्या आत तुला पोचवतो,” इनुस म्हणाला, आणि ते त्याच्या मनापासून होतं.

बिरदेवनं एक अक्षर न विचारता तवेराची किल्ली हातात ठेवली. इमामबी मागच्या सीटवर पदरात तोंड घालून पडली. इनुसनं गाडी सुरू केली आणि डोळे मिटून केडगाव आठवायला लागला. तिथं त्याची वरात गेली होती, तिथं तो ईदेला जात होता, सासऱ्याच्या मातीलाही तिथंच गेला होता. सासरचा दरवाजा दिसला, अंगणातली शेळी दिसली. तिथवर जाणारा रस्ता तेवढा दिसेना. मागं बायको हुंदके देत होती. तिला विचारायचं होतं, “केडगावला कसं जायचं गं?” तीस वर्षांच्या संसारानंतर हे वाक्य कुठल्या तोंडानं बोलायचं?

त्यानं यंत्र काचेला चिकटवलं आणि नाव टाकलं. यादीत दोन केडगावं आली. इनुसचं बोट थबकलं. मागून इमामबी म्हणाली, “का थांबलाय? चला की!” त्यानं वरचं दाबलं.

वरचं केडगाव नगरचं होतं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमात जिल्ह्यांपैकी नगर आधी लागतं आणि पुणे नंतर, एवढ्यावरच त्या यंत्रानं वर-खाली ठरवलं होतं.

रांजणगावपर्यंत काही बिघडलं नव्हतं, तिथवर दोन्ही केडगावांना एकच रस्ता. शिरूरच्या अलीकडं न्हावऱ्याचा फाटा आला तेव्हा इनुसचे हात आपोआप उजवीकडं वळायला लागले. डोक्यानं सोडलेलं हातांनी अजून धरून ठेवलं होतं. “सीधे चलिए,” बाई म्हणाली. इनुसनं घाईनं स्टेअरिंग सरळ केलं आणि हातांनाच मनातल्या मनात शिवी घातली.

शिरूर मागं पडलं, पूल लागला. चाकांचा आवाज बदलला तशी इमामबीनं पदराआडून विचारलं, “भीमा आली का?”

माहेरच्या वाटेवर पारगावपाशी भीमेचा पूल लागतो, तेवढीच खूण तिच्या कानाला होती. हा पूल घोडनदीचा. इनुसनं खाली पाणी बघितलं. नदी ती नदी. “व्हय,” तो म्हणाला, “आली.”

पुढं मात्र त्याला कसंतरी व्हायला लागलं. माळच माळ, उसाचा पत्ता नाही. केडगावच्या वाटेवर ऊस असतो, एवढं कुठूनतरी आठवत होतं. मग पाटी आली: सुपा. इनुसचा जीव भांड्यात पडला. सुपं तर केडगावच्या शेजारीच! चौफुल्यावरून मोरगावकडं निघालं की सुपं लागतं, हे त्याला लख्ख आठवलं, आणि आठवलं ह्याचाच त्याला केवढा आनंद झाला. एवढ्यात नौशादचा फोन आला.

“कुठवर आलात दाजी?”

“ह्ये काय, सुप्यात.”

“सुप्यात? तिकडनं कशापाई आलात?” नौशाद क्षणभर चक्रावला. मग म्हणाला, “बरं, आसू द्या. आलाच म्हनायचं मग. आमी थांबतो. आपाला म्हनावं, तुज्याबिगर उचलत न्हाई.”

सुपी दोन आहेत. एक बारामतीकडचं, एक नगरच्या रस्त्यावरचं. नौशादच्या डोळ्यांपुढं जवळचं सुपं आलं, आणि बिचाऱ्यानं सगळ्या भावकीला थांबवून धरलं. इनुसनं इमामबीला निरोप दिला. ती उठून बसली, तोंड पुसलं, केस सारखे केले. अम्मीपुढं जायचं होतं. समोर डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या. इनुसनं त्यांच्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं,” बाई शेवटी म्हणाली. इनुसनं गाडी थांबवली. इमामबी दार उघडून धावतच उतरली आणि चार पावलांवर उभी राहिली. समोर टायरचं दुकान, रसवंती, ट्रकांची रांग, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत केडगाव. तिनं पाटी वाचली, दुकानं बघितली, पुन्हा पाटी वाचली.

“आवं, ह्ये कुठलं?”

मोबाईल वाजला तो तिनंच इनुसच्या हातातून घेतला. पलीकडं नौशाद रडत होता. आपा, मौलाना आता ऐकत न्हाईत, ऊन फार झालंय, तुमी हायसा तरी कुठं? तिनं रसवंतीवाल्याला विचारलं आणि भावाला सांगितलं, “नगरला.” मग पलीकडं जनाज्यासोबत कलमा म्हणणारे आवाज जवळ आले, लांब गेले, आणि फोन बंद झाला.

इमामबी नवऱ्याकडं वळली. तोंडात शिव्या तयार होत्या, आणि त्या द्यायचा तिला पुरता हक्क होता. पण तो खाली वाकून तवेराच्या चाकाची हवा बघत होता. एक चाक बघून झालं, दुसरं बघितलं, मग परत पहिलं. ती बघत राहिली, आणि बरेच दिवस डोळ्यांआड केलेलं तिला एकदम कळून चुकलं.

“तुमास्नी ठावं न्हवतं,” ती म्हणाली. “माज्या म्हायेराची वाट तुमास्नी ठावी न्हवती.”

“इमाम,” तो लहान पोरासारखा म्हणाला, “आता कुनीकडं जायाचं?”

“मला काय ठावं? तुमी हुता म्हनून मी कवा रस्ता बगितलाच न्हाई.”

तिनंच ट्रकवाल्यांना विचारलं. ते हसले. म्हणाले, ज्या रस्त्यानं आलात त्याच रस्त्यानं सरळ मागं, आणि शिरूर गेल्यावर न्हावऱ्याचा फाटा धरा. तिनं यंत्र काचेवरून उपटून मागच्या सीटवर टाकलं आणि पुढं, नवऱ्याच्या शेजारी बसली. चौथीपर्यंतची शाळा झालेली, ती पाट्या एकेक अक्षर लावून वाचत होती. सुपा, म्हणाली, सरळ चला. वाडेगव्हाण, सरळ चला. इनुस प्रत्येक नावाला “व्हय” म्हणत होता, जणू ते गाव आजच वसलं होतं.

डोळ्यांत पाणी आलं की तिला पाटी धूसर दिसायची, म्हणून ती ते येऊ देत नव्हती. फाटा चुकला असता. अम्मीसाठी रडायचं त्या दिवशी तिचं राहूनच गेलं.